जैविक विवर्धन

जैविक विवर्धन म्हणजे अन्नसाखळीतील एका पोषण पातळीकडून तिच्या वरच्या पातळीकडे जाताना सजीवांच्या शरीरातील विशिष्ट प्रदूषकांची संहती क्रमाक्रमाने वाढत जाण्याची क्रिया होय. हिला जैविक विशालन असेही म्हणतात. डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल (पीसीबी) आणि मिथिल पारा ही या क्रियेची सर्वपरिचित उदाहरणे आहेत. पाण्यात किंवा मातीत जवळजवळ आढळूही नये इतक्या अल्प प्रमाणात असलेला पदार्थ या क्रियेमुळे शिकारी मासे, मत्स्यभक्षी पक्षी, सील, देवमासे आणि मानव यांच्या शरीरात घातक पातळी गाठू शकतो. त्यामुळे प्रदूषक भरपूर पाण्यात मिसळले म्हणजे ते निरुपद्रवी होते, हा पूर्वीचा समज या गटातील पदार्थांच्या बाबतीत चुकीचा ठरला.

## संबंधित संज्ञा

तीन संज्ञा एकमेकींशी निगडित असल्या तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत.

* जैविक संहतीकरण : सभोवतालच्या पाण्यातून कल्ले, त्वचा किंवा पेशीभित्तिका यांच्यावाटे पदार्थ थेट शरीरात शिरून साचणे. यात अन्नाचा वाटा धरला जात नाही.
* जैविक संचय : पाणी, हवा, गाळ व अन्न अशा सर्व मार्गांनी शरीरात आलेला पदार्थ बाहेर टाकण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने साचत जाणे. हा एकाच प्राण्याच्या आयुष्यातील बदल असतो. त्यामुळे एकाच जातीच्या वयस्क माशात तरुण माशापेक्षा पारा अधिक आढळतो.
* जैविक विवर्धन : भक्ष्याच्या शरीरातील संहतीपेक्षा भक्षकाच्या शरीरातील संहती अधिक असणे. ही तुलना दोन पोषण पातळ्यांमधील असते.

एखादा पदार्थ जीवांच्या शरीरात साचतो म्हणून त्याचे विवर्धन होतेच असे नाही. शिंपल्यांसारख्या मृदुकाय प्राण्यांत कॅडमियम मोठ्या प्रमाणात साचते, परंतु बहुतेक अन्नसाखळ्यांत ते पुढच्या पातळीवर वाढत जात नाही.

## क्रियाविधी

प्रत्येक पोषण पातळीवर घेतलेल्या अन्नातील ऊर्जेचा मोठा भाग श्वसन, हालचाल आणि शरीराचे तापमान राखणे यांत खर्च होतो. सर्वसाधारणपणे सुमारे १० टक्के ऊर्जाच पुढील पातळीच्या शरीरबांधणीत उतरते. म्हणून एक किलोग्रॅम वजनाचा शिकारी मासा घडण्यासाठी कित्येक किलोग्रॅम लहान मासे खर्ची पडतात. खाल्लेले मेद व प्रथिने जाळली जातात; मात्र त्यांच्यासोबत आलेले टिकाऊ प्रदूषक जळत नाही व उत्सर्जितही होत नाही. अनेक भक्ष्यांमध्ये विखुरलेला साठा अशा रीतीने एका भक्षकात एकवटतो.

ही क्रिया आतड्यातच सुरू होते. अन्नातील मेद पचून शोषले गेले की आतड्यात उरलेल्या अन्नाचे आकारमान घटते आणि प्रदूषक धरून ठेवण्याची त्याची क्षमताही कमी होते. परिणामी प्रदूषक आतड्यातून शरीराच्या ऊतींकडे ढकलले जाते. पचन जितके कार्यक्षम, तितके हे ढकलणे अधिक प्रभावी असते. सस्तन प्राणी व पक्षी यांच्यात विवर्धन माशांपेक्षा तीव्र असण्याचे हे एक कारण आहे.

एखाद्या पदार्थाचे विवर्धन होण्यासाठी पुढील गुणधर्म एकत्र यावे लागतात.

1. टिकाऊपणा : सूर्यप्रकाश, जीवाणू व रासायनिक अभिक्रिया यांनी त्याचे विघटन सहज होत नाही.
2. मेदविद्राव्यता किंवा प्रथिनांशी बंध : पाण्यात न विरघळणारा पदार्थ मूत्रावाटे बाहेर पडत नाही व चरबीत साठून राहतो. ही प्रवृत्ती ऑक्टॅनॉल-जल विभाजन गुणांकाने मोजतात.
3. चयापचयाला दाद न देणे : यकृतातील विकरे त्याचे पाण्यात विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करू शकत नाहीत.
4. जैविक उपलब्धता : रेणू पेशीपटल ओलांडून जाण्याइतका लहान असतो व गाळाला कायमचा चिकटून राहत नाही.

यांपैकी तिसऱ्या अटीचे महत्त्व खनिज तेल किंवा लाकूड यांच्या अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणाऱ्या बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांवरून दिसते. ही संयुगे मेदविद्राव्य असूनही मासे, पक्षी व सस्तन प्राणी त्यांचे चयापचयाने विघटन करतात. म्हणून त्यांची संहती अन्नसाखळीत वर जाताना वाढण्याऐवजी बहुधा घटते.

हवेत श्वसन करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. काही पदार्थ पाण्यात मध्यम प्रमाणात विरघळतात, त्यामुळे मासे ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकू शकतात. परंतु हे पदार्थ हवेत सहज जात नसतील, तर फुफ्फुसांवाटे त्यांचा निचरा होत नाही. बीटा-हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन हे असे एक संयुग असून दगडफूल, कॅरिबू आणि लांडगा या उत्तर ध्रुवीय प्रदेशातील भूचर अन्नसाखळीत त्याचे विवर्धन होते.

## इतिहास

### क्लिअर लेक

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराच्या परिसरात चिलटासारख्या एका कीटकाचा उपद्रव होत असे. तो चावत नसला तरी त्याच्या थव्यांनी पर्यटक व मासेमारी करणारे त्रस्त होत. या कीटकाच्या नाशासाठी १९४९, १९५४ व १९५७ मध्ये सरोवरात डीडीटीशी नाते असलेले डीडीडी हे कीटकनाशक मिसळण्यात आले. पहिल्या वेळी त्याचे प्रमाण पाण्याच्या ७ कोटी भागांत १ भाग आणि नंतरच्या दोन वेळी ५ कोटी भागांत १ भाग इतके विरल होते. हे प्रमाण सुरक्षित मानले गेले होते.

१९५४ च्या फवारणीनंतरच्या हिवाळ्यात पश्चिमी ग्रीब हे टिबुकलीच्या कुळातील पाणपक्षी मरू लागले. मृत पक्ष्यांत कोणताही संसर्गजन्य रोग आढळला नाही. पुढे त्यांच्या चरबीचे रासायनिक विश्लेषण केले असता तीत डीडीडीचे प्रमाण दशलक्ष भागांत १,६०० भाग (पीपीएम) असल्याचे दिसले. प्लवकांत ते सुमारे ५ पीपीएम, वनस्पतिभक्षी माशांत ४० ते ३०० पीपीएम, तर बुलहेड या मांसाहारी माशाच्या एका नमुन्यात २,५०० पीपीएम होते. पाण्यात मिसळलेल्या प्रमाणाशी तुलना करता ग्रीबच्या चरबीतील संहती सुमारे ८० हजारपट ठरते. पहिल्या फवारणीपूर्वी येथे ग्रीबच्या एक हजाराहून अधिक जोड्या घरटी करीत. १९६० मध्ये सुमारे ३० जोड्याच उरल्या होत्या. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ही घटना सविस्तर मांडली आणि अन्नसाखळीतून होणारी विषबाधा हा विषय सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

### लाँग आयलंड येथील मोजमाप

जॉर्ज वुडवेल, चार्ल्स वुर्स्टर व पीटर आयझॅकसन यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथील खाडीच्या अन्नजाळ्यात डीडीटी व त्याच्या अवशेषांचे मोजमाप प्रसिद्ध केले. पाठ्यपुस्तकांत दिली जाणारी विवर्धनाची आकडेवारी बहुधा या अभ्यासाशी मिळतीजुळती असते.

| घटक | डीडीटी व त्याचे अवशेष (पीपीएम) |
|---|---|
| पाणी | ०.००००५ |
| प्लवक | ०.०४ |
| सिल्व्हरसाइड (लहान मासा) | ०.२३ |
| नीडलफिश (शिकारी मासा) | २.०७ |
| सुरय पक्षी | ३.९१ |
| ऑस्प्रेचे अंडे | १३.८ |
| पाणकावळा | २६.४ |

या तक्त्यात पाण्यापासून प्लवकांपर्यंतची वाढ सुमारे ८०० पट, तर प्लवकांपासून पाणकावळ्यापर्यंतची वाढ ६६० पट आहे. पहिली वाढ मुख्यतः पाण्यातून थेट झालेल्या संहतीकरणाची असून तिच्यापुढील वाढीत अन्नाचा वाटा प्रमुख आहे. म्हणून पाणी व सर्वोच्च भक्षक यांच्यातील एकूण पटीला केवळ अन्नसाखळीचा परिणाम समजणे योग्य नाही. तसेच क्लिअर लेकच्या ग्रीबचे आकडे फक्त चरबीतील असून या तक्त्यातील आकडे संपूर्ण शरीराच्या वजनावर आधारित आहेत. त्यामुळे दोहोंची थेट तुलना करता येत नाही.

### मिनामाता

जपानमधील कुमामोतो प्रांतातील मिनामाता येथे चिस्सो या कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन होत असे. त्यात उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरले जाई व उपउत्पादन म्हणून तयार होणारा मिथिल पारा सांडपाण्यासह समुद्रात सोडला जाई. तो शिंपले व मासे यांच्या शरीरात साचला. मासे खाणारी मांजरे झटके येऊन वेडीवाकडी नाचल्यासारखी वागू लागली, तर पक्षी आकाशातून कोसळू लागले. मानवी रुग्णांची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले असता त्याला हाच आजार झाला; तथापि हा निष्कर्ष त्या वेळी जाहीर करण्यात आला नाही.

कारखान्यातील ही उत्पादनप्रक्रिया १९६८ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी जपान सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. दोन हजारांहून अधिक व्यक्तींना रुग्ण म्हणून प्रमाणित करण्यात आले. स्वतःला सौम्य लक्षणे असलेल्या मातांच्या पोटी गंभीर मेंदूविकार असलेली मुले जन्मल्यामुळे मिथिल पारा वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो, हे स्पष्ट झाले.

## प्रमुख प्रदूषके

### डीडीटी आणि डीडीई

डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधल्याबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात व मातीत डीडीटीचे रूपांतर डीडीई या अधिक टिकाऊ संयुगात होते. डीडीई पक्ष्यांच्या कवचग्रंथीतील कॅल्शियमच्या वहनात अडथळा आणते. त्यामुळे अंड्यांचे कवच पातळ होते व उबवणाऱ्या मादीच्या वजनानेच अंडी फुटतात.

ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील बहिरी ससाण्याची अंडी तपासून १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचे पातळ होत गेल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. डीडीटीचा वापर पसरला तो हाच काळ होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील ॲनाकापा बेटावर १९७० मध्ये तपकिरी पेलिकनच्या ५५२ घरट्यांतून केवळ एकच पिल्लू जगले. सर्वच पक्षी डीडीईला सारखे संवेदनशील नसतात. ससाणे, गरुड व पेलिकन यांच्यावर तीव्र परिणाम होतो, तर कोंबड्यांवर तो फारसा होत नाही. त्यामुळे केवळ कोंबड्यांवरील चाचण्यांतून हा धोका लक्षात येणे शक्य नव्हते.

### पीसीबी

रोहित्रे व धारित्रे यांतील विद्युतरोधक द्रव म्हणून पीसीबींचे औद्योगिक उत्पादन १९२९ पासून सुरू झाले. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सन हे प्राण्यांमधील डीडीटीचे मोजमाप करीत असताना त्यांना अनोळखी संयुगांचे संकेत वारंवार मिळत होते. ती पीसीबी असल्याचे त्यांनी १९६६ मध्ये जाहीर केले. बाल्टिक समुद्रातील सीलच्या माद्यांमध्ये गर्भाशयनलिका बंद झाल्याने येणारे वंध्यत्व पीसीबींशी जोडले गेले आहे.

ओर्का हा सागरी अन्नसाखळीच्या अग्रस्थानी असलेला प्राणी पीसीबींनी सर्वाधिक दूषित झालेल्या प्राण्यांपैकी एक आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील टायरी बेटावर ‘लुलू’ नावाने ओळखली जाणारी ओर्का मादी मृतावस्थेत आढळली. तिच्या चरबीत दर किलोग्रॅममागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होते. सागरी सस्तन प्राण्यांत दुष्परिणाम सुरू होण्याची जी पातळी मानली जाते, तिच्या हे शंभरपटीहून अधिक आहे. ही मादी प्रौढ असूनही तिने कधीही पिल्लाला जन्म दिला नसल्याचे शवविच्छेदनात दिसले.

### मिथिल पारा

कोळशाचे ज्वलन, सोन्याच्या लहान खाणी व ज्वालामुखी यांतून बाहेर पडणारा पारा अकार्बनी स्वरूपात पाण्यात पोहोचतो. ऑक्सिजनविरहित गाळातील सल्फेटचे क्षपण करणारे व अन्य काही जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. मिथिल पारा चरबीत नव्हे, तर प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी जोडला जाऊन स्नायूंमध्ये साठतो. म्हणून माशाची चरबी किंवा कातडी काढून टाकल्याने त्यातील पारा कमी होत नाही. पक्षी मात्र नवीन पिसे उगवताना शरीरातील पाऱ्याचा मोठा भाग पिसांत सोडतात. संग्रहालयांतील जुनी पिसे त्यामुळे पूर्वीच्या प्रदूषणाची नोंद ठरतात.

### फ्लोरीनयुक्त संयुगे

पाणी व तेल या दोहोंना दूर ठेवणाऱ्या लेपनांत वापरले गेलेले पीएफओएस हे संयुग रक्तातील व यकृतातील प्रथिनांना चिकटते. मानवी वस्तीपासून दूर राहणाऱ्या ध्रुवीय अस्वलांच्या शरीरातही ते आढळले आहे. मेदविद्राव्यता हा एकच निकष विवर्धन ओळखण्यास पुरेसा नाही, हे या संयुगामुळे स्पष्ट झाले.

## वन्यजीवांमधील वाटप आणि परिणाम

एकाच जातीच्या प्राण्यांतही प्रदूषकांचे प्रमाण वय, लिंग व ऋतू यांनुसार बदलते. सस्तन प्राण्यांची मादी गर्भावस्थेत व विशेषतः मेदयुक्त दुधावाटे आपल्या शरीरातील प्रदूषकांचा मोठा भाग पिल्लांना देते. म्हणून प्रौढ नरांमध्ये साठा वाढत जातो, तर प्रजननक्षम माद्यांमध्ये तो घटतो. पहिल्या पिल्लाच्या वाट्याला बहुधा सर्वाधिक प्रदूषक येते. वाढीच्या सर्वांत नाजूक काळात, आईचे दूध पिताना पिल्लू एका अर्थी तिच्याही वरच्या पोषण पातळीवर असते.

स्थलांतर, उपासमार, शीतनिद्रा किंवा आजारपण यांत शरीरातील चरबी वापरली जाते आणि तीत बंदिस्त असलेले प्रदूषक रक्तात उतरते. त्यामुळे वर्षानुवर्षे निरोगी दिसणारा प्राणी अन्नटंचाईच्या काळात अचानक विषबाधेची लक्षणे दाखवू शकतो. मात्र तत्काळ मृत्यूपेक्षा प्रजननक्षमता घटणे, रोगप्रतिकारशक्ती दुबळी होणे, संप्रेरकांच्या कार्यात बिघाड व वर्तनातील बदल हे परिणाम अधिक सार्वत्रिक आहेत. भक्षकांची संख्या मुळातच कमी व प्रजननाचा वेग मंद असल्याने असे परिणाम त्यांच्या संपूर्ण समुदायाला धोक्यात आणतात.

हवेत उडून जाणारी टिकाऊ संयुगे उष्ण प्रदेशांतून थंड प्रदेशांकडे वाहत जातात व तेथे घनरूप होऊन स्थिरावतात. ध्रुवीय प्राण्यांत चरबीचे प्रमाण अधिक असते आणि तेथील सागरी अन्नसाखळ्याही लांब असतात. सील व देवमासे यांच्या चरबीवर उपजीविका असलेल्या इन्युइट लोकांना याचा फटका बसला. १९८० च्या दशकात कॅनडातील नुनाविक येथील मातांच्या दुधात पीसीबींचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळले. ही रसायने तेथे कधी निर्माण होत नव्हती.

## मापन

अन्नजाळ्यातील प्राण्याचे स्थान निश्चित करण्यासाठी ऊतींमधील नायट्रोजन-१५ या स्थिर समस्थानिकाचे प्रमाण तपासतात. एका पोषण पातळीकडून पुढच्या पातळीकडे जाताना ते सरासरी दर हजारी ३.४ ने वाढते. अनेक जातींमधील प्रदूषकाची संहती व त्यांची पोषण पातळी यांच्या संबंधावरून ‘पोषणीय विवर्धन गुणांक’ काढतात. तो १ पेक्षा अधिक असल्यास विवर्धन होते आणि १ पेक्षा कमी असल्यास संहती वर जाताना घटते, असे समजतात.

दीर्घकालीन निरीक्षणासाठी पक्ष्यांची अंडी सोयीची ठरतात. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात कुरव पक्ष्यांची, तर बाल्टिक समुद्रातील स्तूरा कार्ल्सो बेटावर गिलेमॉट पक्ष्यांची अंडी अनेक दशके नियमितपणे तपासली जात आहेत.

## गिधाडांचा ऱ्हास : एक वेगळे उदाहरण

भारतीय उपखंडातील गिधाडांचा ऱ्हास पुष्कळदा जैविक विवर्धनाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. परंतु ते अचूक नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध गिधाडांच्या मृत्यूस कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. हे औषध गुरांच्या शरीरातून काही दिवसांत निघून जाते आणि पातळीगणिक साचत जात नाही. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. ही दुय्यम विषबाधा होय. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

## भारतातील स्थिती

भारतात डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. हिवताप व काळा आजार यांच्या वाहक कीटकांविरुद्ध मात्र त्याचा वापर सुरू ठेवण्यात आला. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सार्वजनिक कंपनीच्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील कारखान्यातही डीडीटीचे उत्पादन होत असे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. मुंबईजवळील उल्हास नदीच्या खाडीत कॉस्टिक सोडा उद्योगातून आलेला पारा गाळात साचल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासांत आढळले आहे. असा गाळ ढवळला गेल्यास जुना पारा पुन्हा अन्नजाळ्यात येऊ शकतो.

आहाराच्या दृष्टीने विवर्धनाचा नियम कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील माशांनाही लागू होतो. प्लवकांवर जगणाऱ्या अल्पायुषी तारली व बांगडा यांच्यात पारा साधारणतः कमी असतो, तर मोरी (शार्क) व सुरमई यांसारख्या शिकारी माशांत, विशेषतः मोठ्या आकाराच्या माशांत, तो तुलनेने अधिक असतो. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणांनी २००४ मध्ये गर्भवती व स्तनदा मातांना शार्क, तलवार मासा, टाइलफिश आणि सुरमईच्या प्रजातीतील किंग मॅकेरेल टाळण्याचा सल्ला दिला. मात्र मासे पूर्णपणे वर्ज्य न करता कमी पारा असलेले मासे खावेत, असेही सांगितले.

## नियंत्रण

विवर्धन होणारा पदार्थ एकदा अन्नजाळ्यात शिरल्यावर तो परत गोळा करता येत नाही. म्हणून उगमापाशीच उत्पादन व वापर थांबवणे हा त्यावरील मुख्य उपाय आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर आणि १९७९ मध्ये पीसीबींच्या उत्पादनावर बंदी घातली. टिकाऊ कार्बनी प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये स्वीकारला गेला व २००४ मध्ये अमलात आला. आरंभी त्यात १२ पदार्थ होते. पीएफओएससारख्या पदार्थांची भर नंतर पडली. भारताने तो २००६ मध्ये अनुसमर्थित केला. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला असून तो २०१७ पासून लागू आहे.

बंदीचे परिणाम वन्यजीवांत दिसून आले. अलास्का व हवाई वगळता अमेरिकेत १९६३ मध्ये टकल्या गरुडाच्या केवळ ४१७ जोड्या नोंदल्या गेल्या होत्या. संख्या सावरल्याने २००७ मध्ये हा पक्षी धोक्यातील जातींच्या यादीतून वगळण्यात आला. बहिरी ससाणा १९९९ मध्येच त्या यादीतून बाहेर पडला होता. बाल्टिक समुद्रालगतच्या पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडांची संख्याही वाढली. मात्र ओर्कासारख्या दीर्घायुषी प्राण्यांमध्ये पीसीबींचे प्रमाण उत्पादन थांबून अनेक दशके लोटल्यानंतरही घातक पातळीवर आहे, कारण जुनी विद्युत उपकरणे, कचराभूमी व समुद्रातील गाळ यांतून ही संयुगे अद्याप झिरपत असून प्रत्येक मादी आपला साठा पुढच्या पिढीकडे सोपवत राहते.

## हेही पाहा

* अन्नसाखळी
* डीडीटी
* मिनामाता रोग
* सायलेंट स्प्रिंग
* स्टॉकहोम करार